डावखुरी विरुद्ध शांतमूर्ती

डावखुरी मोठी की शांतमूर्ती मोठी, या प्रश्नावर आमच्या इमारतीत आजवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या निम्मं जरी गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल बोललं गेलं असतं, तर ती टाकी लाजेनं गळायची थांबली असती. पण टाकीत वाद घालण्यासारखं काही नाही. ती गळते, हे सगळ्यांनाच मान्य आहे.

या दोघी टेनिसच्या सम्राज्ञी. दोघींनी रॅकेट खाली ठेवली त्याला जमाना लोटला, पण आपल्या काळात त्यांनी दुसऱ्या कुणाला अंतिम सामन्यात फारसं फिरकू दिलं नाही. त्यांची खरी नावं परदेशी आहेत आणि त्यांच्या उच्चारांवरूनही आमच्यात मतभेद असल्यामुळे आम्ही टोपणनावांवर तडजोड केली आहे. एक डाव्या हातानं खेळायची, जाळीवर धावून जायची, चिडायची, रडायची, म्हणून ती डावखुरी. दुसरी मागच्या रेषेवर उभी राहून ढिम्म चेहऱ्यानं चेंडू परत करत राहायची. समोरची थकेपर्यंत. म्हणून ती शांतमूर्ती.

'आम्ही' म्हणजे मी आणि समोरच्या दारातले मोजणीसाहेब. साहेब जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर आहे. म्हणजे लोक नुकसानभरपाई मागतात आणि मी पुरावा मागतो. इमारतीत मला विमेकर म्हणतात; खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. साहेब एकटेच राहतात. रोज संध्याकाळी ते आमच्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसतात, बायको तीन कप चहा करते आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत डावखुरी विरुद्ध शांतमूर्ती सुरू होतं. अर्थात मी डावखुरीचा.

माझा हुकमाचा एक्का एकच. त्या गाजलेल्या अंतिम सामन्यात डावखुरीला जिंकायला एकच गुण हवा होता. शांतमूर्तीचा फटका पंचांनी बाहेर दिला. सामना खिशात! आणि डावखुरी स्वतः पंचांच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाली, "चेंडू आत होता." मग ती तो सामना हरली. जिंकून कुणीही मोठं होतं हो. असं हरायला डावखुरीच लागते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की बायको स्वयंपाकघरातून माझ्याबरोबर ओठ हलवते.

त्या दिवशीही मी एक्का टाकला. एरवी साहेब त्यावर शांतमूर्तीच्या विजेतेपदांची मोजदाद सुरू करतात. त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "विमेकर, आयुष्यभर मी हद्दीच्या रेघा आखल्यात. रेघेवर उभा राहिलेला माणूस स्वतःविरुद्ध बोलत नाही. तिनं हात वर केला असेल नुसता, पुढचं लोकांनी रचलं. खरं सांगा, तुम्ही तरी बोलला असतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही. ज्यांनी आजवर एक दावा सुखासुखी मंजूर केला नाही, ते."

आता, माझ्या टेबलाबद्दल लोक पाठीमागे काय बोलतात ते मला माहीत आहे. पण माझ्याच गॅलरीत, माझाच चहा पिऊन? मी म्हणालो, "जमिनी मोजणाऱ्यांच्या रेघा कशा सरकतात, तेही आम्ही ऐकून आहोत." हे बोलायला नको होतं. साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि म्हणाली, "दोघांनी मिळून जन्मात एकदा तरी रॅकेट धरलीय का? धरा, खेळा आणि एकदाचं मिटवा!"

तिला वाटलं, आम्ही गप्प बसू. पण दुखावलेल्या माणसाला कुणी बाण आणून दिला की तो धनुष्य शोधायला निघतोच. साहेब उभे राहिले. "मान्य. तुम्ही डावखुरी, मी शांतमूर्ती. जो हरेल त्यानं सगळ्या इमारतीसमोर कबूल करायचं की आपली बाई लहान. आणि हा विषय कायमचा बंद. पुन्हा अवाक्षर काढायचं नाही."

"मान्य," मी म्हणालो. दाराचा आवाज झाला. त्यांच्या कपात निम्मा चहा तसाच राहिला होता.

मी डाव्या हातानंच खेळणार हे मी रात्रीच्या जेवणाआधीच जाहीर करून टाकलं. उजव्या हातानं खेळणारी डावखुरी, हे म्हणजे शाकाहारी वाघ. बायको म्हणाली, "अहो, उजव्या हातानं तुम्हाला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही." तिला तत्त्व ही गोष्ट कळत नाही. दुकानात जाऊन मी डावखुऱ्यांची रॅकेट मागितली. दुकानदार म्हणाला, रॅकेटमध्ये डावं-उजवं नसतं. मला तो माल खपवतोय असं वाटलं, म्हणून मी आणखी दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे तेच ऐकलं. शेवटी पहिल्याच दुकानातून घेतली, तेव्हा त्यानं पिशवी माझ्या डाव्या हातात दिली.

मग मी डावा हात तयार करायला घेतला. डाव्या हातानं दात घासले, डाव्या हातानं दाढी केली आणि हनुवटीला चिकटपट्टी लावून ऑफिसला गेलो. तिथे सरावासाठी एका दाव्यावर डाव्या हातानं सही केली. व्यवस्थापकांनी तो कागद 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत पाठवला. तसे शेरे तपासायचं काम माझंच. माझीच सही खोटी असल्याचा शेरा मी नियमाप्रमाणे ग्राह्य धरला, उजव्या हातानं.

भिंतीवर सराव मात्र पार्किंगमध्ये. सोसायटीचे सेक्रेटरी ताबडतोब खाली आले. त्यांनी नियमावली उलटीपालटी चाळली आणि खिन्नपणे म्हणाले, "भिंतीला चेंडू मारण्याविरुद्ध नियमच नाही. नियम केल्याशिवाय मनाई करता येत नाही. नियमासाठी सभा घ्यावी लागेल, सभेची सूचना द्यावी लागेल. तोवर मारा तुम्ही." मी मारला. चौथा की पाचवा चेंडू तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीतून आत गेला. खुर्चीतल्या बाईंनी दचकून तोंड मिटलं. दुर्दैवानं डॉक्टरांचं बोट तेव्हा आतच होतं.

संध्याकाळी डॉक्टर बोटाला पट्टी बांधून वर आले. मी माफीची तयारी ठेवून दार उघडलं, पण त्यांना सल्ला द्यायचा होता. "मनगट सैल सोडा, विमेकर. तुम्ही चेंडू मारत नाही, त्याला हाकलता." त्यांच्या मागून शिवणक्लासच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं, डाव्या हातानं शिवणयंत्राचं चाक फिरवावं, दंड आपोआप घडतो. वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, आधी श्वास शिका. माझ्या घरात तोपर्यंत इतकी माणसं जमली होती की श्वास शिकायला जागा नव्हती. फक्त समोरचं दार बंद होतं.

तिकडे साहेबांचाही सराव चालू होता. गच्चीवर त्यांनी खडूनं कोर्ट आखलं होतं. बायको कपडे वाळत घालायला गेली तेव्हा पाहून आली. म्हणाली, रेघा इतक्या सरळ आहेत की ओलांडायला भीती वाटते. शिवाय साहेब शांत राहण्याचा सराव करत होते. शांतमूर्ती चिडत नसे, म्हणून यांनी चिडायचं बंद केलं. गॅसवर दूध उतू गेलं तरी हे ढिम्म. मोलकरणीनं बशी फोडली तरी हे ढिम्म. मोलकरीण घाबरून बायकोला म्हणाली, "ताई, साहेबांना काही झालंय का हो? ओरडत नाहीत."

खरं सांगायचं तर मलाही करमत नव्हतं. बायको सवयीनं तीन कप चहा करायची आणि दोन मीच प्यायचो. मला पित्त झालं. वेताच्या खुर्चीत मी रॅकेट ठेवली होती, पण रॅकेट काही उलट बोलत नाही. एकदा डावखुरीच्या बॅकहँडबद्दल मला इतका सुंदर मुद्दा सुचला की मी तोंड उघडलं आणि समोर रॅकेट पाहून मिटलं. बायको म्हणाली, "जा की समोर. दोन पावलं तर आहेत." मी म्हणालो, "प्रश्न पावलांचा नाही, डावखुरीचा आहे." घोड्यावर बसलो होतो, उतरायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि एक गोष्ट आत कुठेतरी सलत होती. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं.

कोर्ट मिळवायला मी क्रीडा संकुलात गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "सामना आहे? मग दोन्ही खेळाडूंना खेळता येतं असा कोचचा दाखला आणा." कोच मैदानाच्या टोकाला शिट्टी साफ करत बसले होते. म्हणाले, "खेळताना पाहिल्याशिवाय दाखला कसा देऊ? कोर्टवर खेळून दाखवा." मी खिडकीशी परत. "दाखल्याशिवाय कोर्ट नाही." मी पुन्हा कोचकडे. "कोर्टवर पाहिल्याशिवाय दाखला नाही." तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की ही पद्धत माझ्या ओळखीची आहे. दुरुस्तीच्या पावतीशिवाय भरपाई नाही आणि भरपाईशिवाय दुरुस्ती नाही, असं मी स्वतः किती माणसांना सांगितलं असेल! आमच्याकडे मात्र बसायला बाक तरी चांगला आहे.

इथल्या मोडक्या बाकावर मी टेकलो तर शेजारी मोजणीसाहेब! तेही याच कामाला आले होते. आम्ही दोघांनी समोर पाहिलं.

"यांना सांगा," साहेब कारकुनाला म्हणाले, "की कोचकडे जाऊन उपयोग नाही. मी जाऊन आलो."

"त्यांना सांगा," मी म्हणालो, "की मी तीनदा जाऊन आलो."

कारकून म्हणाला, "दोघं एकाच कामाला आलात, एकाच बाकावर बसलात, आणि निरोप माझ्याकडे का देताय?" साहेब उठून गेले. ते जिथे बसले होते तिथे बाकावर त्यांची जमीन मोजायची जुनी टेप राहिली होती, चामड्याच्या डबीतली. मी ती उचलली आणि घरी आल्यावर बायकोच्या हाती समोर पाठवली. तिनं दोघांना एकाच वेळी ऐकू जाईल अशा जागी, म्हणजे जिन्यात उभं राहून, "काय ही पोरं!" असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तीच खिडकीवर गेली. म्हणाली, "सामना नाही हो, दोन वयस्कर माणसांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय." कारकून म्हणाला, "मग आधी बोलायचं नाही का? व्यायामाला दाखला लागत नाही." रविवारची सकाळ मिळाली. डॉक्टर दातांचे आहेत, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

रविवारी सगळी इमारत कोर्टवर हजर होती. कोर्ट मातीचं, रेघा ताज्या चुन्याच्या. पंच म्हणून बायको, कारण आम्हा दोघांनाही ती सारखीच कंटाळली आहे यावर सर्वांचं एकमत होतं. रंगाऱ्याची शिडी आणली होती, ती वरच्या पायरीवर बसली. आधी पूर्ण सामना ठरला होता. मग आमच्याकडे एकवार नीट पाहून डॉक्टर म्हणाले, "एकच गेम खेळा. रुग्णवाहिकेला रविवारी वेळ लागतो."

साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, खिशात टेप. आमची नजरानजर झाली. "या," ते म्हणाले. मी म्हणालो, "आलो." बऱ्याच दिवसांत आमच्यात झालेलं हे सर्वांत मोठं संभाषण होतं.

एक गेम म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. चाळीस-चाळीस झालं की ड्यूस, आणि मग कुणीतरी लागोपाठ दोन गुण मिळवल्याशिवाय सुटका नाही. आम्हा दोघांनाही लागोपाठ दोनदा काहीही जमत नव्हतं. मी सर्व्हिस जाळीत मारायचो, मग साहेब कुंपणात मारायचे. मी जाळीवर धावून जायचो, कारण डावखुरी जायची. चेंडू माझ्या डोक्यावरून मागे जायचा आणि मी जाळी धरून उभा राहायचो, कारण सोडली तर पडलो असतो. साहेब मागच्या रेषेवर ढिम्म चेहऱ्यानं उभे. चेंडू पोटाला लागला तरी ढिम्म. "ड्यूस!" बायको शिडीवरून ओरडायची. थोड्या वेळानं लोकही तिच्याबरोबर ओरडायला लागले. मग शिवणक्लासच्या बाईंनी विणकाम काढलं.

माझा डावा हात आता माझा राहिला नव्हता. पण एक सांगतो, मला जिंकायचं होतं. गंमत म्हणून नव्हे. मनापासून, दात-ओठ खाऊन. आणि कसा कोण जाणे, माझा एक फटका जाळीच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे टपकला. गुण माझा. आणखी एक मिळाला की सामना माझा, डावखुरी मोठी, साहेब इमारतीसमोर कबुली देणार. इमारत उठून उभी राहिली.

मी सर्व्हिस केली. आश्चर्य म्हणजे ती आत पडली. साहेबांनी चेंडू उंच टोलवला. मी मागे मागे धावलो. चेंडू माझ्या पुढ्यात जमिनीवर आपटून उडाला, मी रॅकेट फिरवली, हवा कापली, आणि घसरत मागच्या रेषेवर थांबलो.

"बाहेर!" बायको शिडीवरून ओरडली. "जिंकलात हो!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी पट्टीवालं बोट हवेत नाचवलं. साहेब खिशातून टेप काढत जाळीपर्यंत आले. मातीच्या कोर्टवर चेंडूचा ठसा उमटतो, तो ते मोजणार होते. मग थांबले, टेप परत खिशात टाकली, आणि अगदी शांतमूर्तीसारखे म्हणाले, "वहिनींचा निर्णय मला मान्य आहे."

मी खाली पाहिलं. ठसा माझ्या बुटाखाली होता. म्हणजे घसरताना मी तो पुसून टाकला होता. आता तिथे नुसती खरवडलेली माती आणि विस्कटलेला चुना होता. पण चेंडू आपटला तेव्हा चुन्याची धूळ उडालेली मी पाहिली होती. माझ्या नाकासमोर उडाली होती. तो रेघेवर पडला होता, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

पुरावा शून्य. साक्षीदार नाही. दावेदारानं दावासुद्धा मागे घेतलेला. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर चहा संपायच्या आत मी तो फेटाळला असता. मी बूट उचलला नसता, नुसता हसलो असतो, तरी संपलं होतं. लोक मला खांद्यावर घ्यायला येत होते. निदान डॉक्टर तरी येत होते. आणि मला गॅलरीतला तो आवाज ऐकू आला: तुम्ही तरी बोलला असतात का?

मला साहेबांचा भयंकर राग आला. विचारायचीच काय गरज होती?

"आत होता," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी शिडीपर्यंत चालत गेलो आणि घसा फाडून ओरडलो, "चेंडू आत होता! रेघेवर! मी पाहिलाय!"

बायको वरून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं क्वचितच पाहिलं आहे. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "ड्यूस."

पुढचे दोन गुण कसे गेले ते मला विचारू नका. एक जाळीत गेला आणि एक डॉक्टरांना लागला. हरलो. ठरल्याप्रमाणे मी इमारतीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "शांतमूर्ती मोठी." तीन दातांना भूल दिल्यासारखं तोंड झालं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब जिंकले होते, पण चेहरा असा की जणू त्यांच्याच जमिनीत रस्ता गेलाय. ते रॅकेट काखेत मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. साहेब. मी खुर्चीतली रॅकेट उचलली, ते बसले. बायकोनं तीन कप आणले. पहिला घोट झाला. विषय बंद होता. शब्द म्हणजे शब्द.

"उकडतंय," साहेब म्हणाले.

"हो. कालच्यापेक्षा जास्त."

"टाकी गळतेय अजून."

"गळतेय."

एवढंच? आता रोज असंच? उकाडा आणि टाकी? डावखुरीच्या बॅकहँडचा तो सुंदर मुद्दा माझ्या पोटात तसाच पडून होता आणि तो आता जन्मभर तिथेच कुजणार होता. साहेबांनी चहा संपवला. या वेळी कप पूर्ण रिकामा झाला होता. "बरं, येतो," म्हणून ते उठले. दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबले.

"तो चेंडू बाहेर होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"कोणता?"

"कालचा. माझा. रॅकेटवरून सुटला तेव्हाच मला कळलं, लांब जाणार. बोटभर बाहेर. तुम्ही उगाच मला जिंकवलंत."

"आत होता, साहेब."

"आयुष्यभर हद्दी मोजल्यात मी, विमेकर!"

"आणि मी आयुष्यभर खोटे दावे पकडलेत! चुना उडालेला पाहिला मी."

"पुरावा?"

"माझा शब्द!"

"शब्दाला तुमच्या कंपनीत काय किंमत आहे?"

बायको आतून म्हणाली, "मी पंच होते ना? मी बाहेर दिला होता. संपलं!"

"तू मध्ये पडू नकोस," मी म्हणालो. "वहिनी, तुम्हाला तिथून दिसणं शक्यच नव्हतं," साहेब म्हणाले, आणि आपण कुणाच्या विरुद्ध बोलतोय हे ध्यानात न येता ते परत येऊन खुर्चीत बसले. खिशातून टेप निघाली. त्यांनी ती गॅलरीच्या फरशीवर पसरली, मी कपाचा चेंडू केला आणि झाडूची रेघ केली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. शांतमूर्तीचं नावनिशाण उरलं नव्हतं. इतका आनंद मला सामना जिंकून झाला नसता.

"असं घरी बसून ठरणार नाही," शेवटी ते धापा टाकत म्हणाले. "रविवारी कोर्टवर जाऊ. टेप घेऊन."

"दाखला लागेल."

"व्यायामाला लागत नाही," आतून बायकोचा आवाज आला, आणि पाठोपाठ चहाचं आधण पुन्हा चढवल्याचा.